परदेशात व्यवसाय आणि कायम वास्तव्य

प्रश्न : सुभाषनगरात आमचे कोल्हापुरी चपलांचे काम आहे. जर्मनीत स्वतःचे दुकान काढल्यास तेथे कायम राहता येईल का? माझे वय 47 आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येईल, मात्र नुसते दुकान काढून भागणार नाही. तेथील वास्तव्य कायद्याच्या कलम 21 नुसार आपल्या व्यवसायाची त्या भागाला गरज आहे, त्यातून अर्थव्यवस्थेला लाभ होईल आणि भांडवलाची तजवीज पक्की आहे, हे पटवून द्यावे लागते. म्हणून अर्जात ‘चपला विकणार’ एवढेच न लिहिता, माल कोणत्या शहरात, कोणाला, काय भावाने विकणार आणि जम बसेपर्यंत दुकानाचे भाडे कशातून भागवणार, हे आकड्यांनिशी मांडा. आपण पंचेचाळिशी ओलांडली असल्याने उतारवयाची पुरेशी तरतूदही दाखवावी लागेल. माझ्या मते आपल्या बाबतीत खरी कसोटी हीच आहे. पहिला परवाना जास्तीत जास्त 3 वर्षांचा असतो, आणि त्यानंतर धंदा यशस्वी ठरून कुटुंबाचा निर्वाह त्यावर होत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. भांडवल बँकेमार्फतच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परवाना हाती येईपर्यंत येथले चालते काम कृपया मोडू नका.