झांजेचा नाद स्टाफवर लिहिताना

तुळजापूरचा गोंधळ म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पट्टीवर, उतरवतोयस, फार मोलाचं काम आहे. फक्त झांज घुमत राहते म्हणून लांबलचक स्वर टायने, म्हणजे दोन स्वर जोडणाऱ्या कमानीने, जोडत बसू नकोस. नेमका ठोका कुठे, तेच वाचणाऱ्याला कळेनासं होतं. ठोक्यापुरता स्वर लिही आणि त्याला 'लेसे व्हिब्रे'ची ('घुमू द्या' सांगणारी) आखूड कमान लाव. ती पुढच्या कुठल्याच स्वराला टेकत नाही, म्हणजे नाद आपसूक विरू द्यायचा.

दाबणं मात्र काटेकोर दाखव. संबळ थांबतं तिथं झांजा एकमेकींवर दाबून गप्प केल्या असतील, तर ती मात्रा कान देऊन पकड आणि तिथल्या विरामाच्या चिन्हावर वर्तुळ-क्रॉसची, म्हणजे नाद दाबायची, खूण टाक. प्लेबॅकमध्ये नाद तुटला नाही तरी खूण काढू नकोस, ती वाजवणाऱ्यासाठी आहे. पहिल्या खुणेपाशी मराठीत 'दाबा' लिहीच. आपल्याकडं बहुतेक जण ऐकून शिकलेले असतात.