पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल लोको शेडमधल्या (रेल्वे इंजिनांच्या देखभालीच्या जागेतल्या) जळक्या ऑइलचं पुढे काय होतं?

ते विकलं जातं. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, त्यामुळे रेल्वेच्या ई-लिलावातही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच ते घेता येतं. त्याच्या कारखान्यात आधी पाणी काढतात, मग निर्वातात ऊर्ध्वपातन करून (हवा काढून कमी दाबाखाली उकळवून, वाफ थंड करून) पुन्हा वापरण्याजोगं बेस ऑइल, म्हणजे वंगण बनवायचं मूळ तेल, मिळवतात.

पण खरी मेख शेडमधल्या साठवणीत असते. ड्रमचं झाकण सैल राहिलं की पावसाचं पाणी शिरतं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) किंवा डिझेल मिसळलं की शुद्धीकरण अवघड होतं. पिटलाइन (इंजिनाखालून काम करायचा रुळांमधला खड्डा) धुतलेलं तेलकट पाणी तर ड्रममध्ये येतच नाही. ते तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून गेलंच पाहिजे, नाहीतर नाल्यातून थेट मुळा-मुठेत. माझ्या मते पावसाळ्यात आधी ही टाकी तपासावी, लिलावाचे कागद नंतर.