लेथ नसताना आर्बर ‘कातला’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : “माझ्याकडे लेथ, म्हणजे वस्तू फिरवून तिला टूल टेकवायचं मशीन, नाही. स्लिटिंग कटर, म्हणजे करवतीचं गोल पातं, धरून फिरवणारा दांडा म्हणजे आर्बर. तो मी मिलिंग मशीनवरच, बार फिरवून आणि टूल स्थिर ठेवून बनवला. त्याबद्दल लिहिताना ‘आर्बर कातला’ असं लिहिलं. मित्र म्हणतो, कातणं लेथवर होतं, मिलिंगवर नाही. बरोबर कोण? आणि आर्बरला मराठीत काय म्हणायचं?”

तुम्ही बरोबर आहात. ‘कातला’ तसंच राहू द्या.

मिलिंगवर एरवी कटर फिरतो आणि जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळलेला असतो. त्या कामाला कोणी कातणं म्हणत नाही, तिथे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे. पण तुम्ही जागांची अदलाबदल केलीत. २५ मिमीचा बार कोलेटमध्ये (बार गच्च आवळणाऱ्या चिरलेल्या नळीत) धरून स्पिंडलला, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याला, लावलात आणि टूल व्हाइसमध्ये उभं आवळलंत. आता बार फिरतो, टूल जागचं हलत नाही. काप द्यायचा तो टेबल सरकवून, आणि लांबी घ्यायची ती क्विल, म्हणजे स्पिंडलची खाली-वर होणारी नळी, खाली आणून. ६३ मिमीच्या कटरला सहसा १६ मिमीचं भोक असतं, म्हणून बारचं टोक तेवढं उतरवलं की भोवती साडेचार मिमीचा खांदा उरतो आणि पातं त्यावर टेकतं. बारच्या मधलं भोकसुद्धा तसंच : ६.८ मिमीचं ड्रिल व्हाइसमध्ये उभं धरायचं, फिरता बार त्याच्यावर उतरवायचा, मग पातं आवळायच्या बोल्टसाठी एम-८चे (८ मिमीच्या बोल्टचे) आटे पाडायचे. मशीन मिलिंगचं, पण क्रिया सगळी टर्निंगची, म्हणजे लेथवरच्या कातण्याची.

मराठीत ‘कातणे’ हा शब्द लेथ या शब्दाच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्याकडचे कातारी पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब कातत आले ते लाकूड फिरवून आणि त्याला हत्यार टेकवून. फिरवायला दोरी होती, पुढे मोटर आली, पण क्रियापद बदललं नाही. धातूच्या वर्कशॉपमध्ये मात्र ते फारसं कानावर येत नाही. तिथे ‘टर्निंग मारलं’ म्हणतात, आणि तेही मराठीच झालं आहे. तरी ‘कातला’मध्ये जे दिसतं ते ‘टर्निंग मारलं’मध्ये दिसत नाही, म्हणून तुम्ही तो शब्द धातूच्या कामाला वापरलात याचा मला फार आनंद झाला.

मग सूत कातणं आणि लाकूड कातणं यांचं नातं काय? संस्कृतात ‘कृत्’ असे दोन धातू आहेत. एकाचं रूप ‘कृन्तति’, म्हणजे कापतो. दुसऱ्याचं ‘कृणत्ति’, म्हणजे सूत काततो. कात्री आणि कातरणं पहिल्याच्या घरातली, सूत कातणं दुसऱ्याच्या. लाकूड-लोखंड कातण्यात मला दोघांचाही हात दिसतो : चरख्याच्या चातीसारखं गरगर फिरायचं आणि फिरता फिरता धारेखाली कापलं जायचं.

या फिरण्यामुळेच कातलेली वस्तू आपल्या अक्षाभोवती गोल होते. आर्बरला नेमकं तेच हवं असतं. तो अक्षापासून पाच शतांश मिमी जरी बाहेर फिरला, तरी पात्याचे एका बाजूचेच दात लोखंडाला लागतात. सलग आवाजाऐवजी दर फेऱ्याला एकदा ‘खर्र’ असं ऐकू येतं, मग पुन्हा शांत, पुन्हा खर्र. बार कोलेटमधून न काढता तसाच वापरला तर हा दोष जवळजवळ उरत नाही, कारण ज्या अक्षावर तो कातला त्याच अक्षावर तो फिरतो.

आता आर्बर. शब्दकोशात या स्पेलिंगखाली ‘लतामंडप’ दिसला तर गोंधळू नका. तो वेगळा शब्द आहे, लॅटिन ‘हर्बा’पासून, म्हणजे गवत-वनस्पतींच्या कुळातला. मशीनवरचा आर्बर आला तो लॅटिनमध्ये झाडाला जो ‘आर्बर’ शब्द आहे त्यातून, फ्रेंचमार्गे. फ्रेंचमध्ये आजही ‘आर्ब्र’ म्हणजे झाड आणि ‘आर्ब्र’ म्हणजेच यंत्राचा फिरता दांडा.

मराठीत ‘आस’ सुचवला जातो, पण तो मला इथे पटत नाही. बैलगाडीचा आस जागेवर राहतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. आर्बर तर पात्याला घेऊन फिरतो. ‘चाती’ त्याहून जवळची, कारण ती स्वतः फिरते. सूतगिरण्यांमध्ये हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे, गिरणी केवढी ते ‘पंचवीस हजार चात्यांची’ असंच सांगतात. पण चाती म्हणजे स्पिंडल, आणि आर्बर स्पिंडलमध्ये बसतो. दोघांना एकच नाव दिलं तर वाचणारा चुकेल.

माझी पसंती ‘पात्याचा दांडा’ला. पातं धरतो तो दांडा, हे कुऱ्हाडीपासून आपल्या ओळखीचं आहे, आणि कुऱ्हाडीचा दांडा झाडाचाच, त्यामुळे मूळ शब्दातलं झाडही कुठेतरी शिल्लक राहतं. लेखात पहिल्यांदा ‘आर्बर, म्हणजे पात्याचा फिरता दांडा’ असं लिहा आणि पुढे नुसतं आर्बर. दुकानात मागताना मात्र आर्बरच म्हणा, दांडा मागितलात तर फावड्याचा हातात येईल.