मागचा दशमांश राहिला म्हणून पोराला डेंग्यू झाला का?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारी ख्रिस्ती कुटुंबं नेहमीचेच विषय घेऊन येतात, नवरा-बायकोची धुसफूस, पोरांचा अभ्यास, कोणाची दारू, कोणाची सासू. पण दोन-तीन भेटी झाल्या, जरा विश्वास बसला की एक प्रश्न हळूच निघतो, आणि तो विचारताना आवाज आपोआप खाली जातो. "मॅडम, दशमांश नाही दिला तर खरंच शाप लागतो का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला, म्हणजे व्यवहारात मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला द्यायचा. सगळीकडे हे सारखं नसतं. आपल्या जुन्या मराठी मंडळ्यांमध्ये महिन्याची वर्गणी असते, रविवारी थैली फिरते, बाळ झालं, नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं की उपकारस्तुतीचं पाकीट असतं, आणि हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाच्या सणाच्या दिवशी लिलाव असतो जिथे एक नारळ पाचशेला जातो आणि घेणारा तोच नारळ परत लिलावात देतो. कॅथलिक लोकांना टक्का ठरवून दिलेला नाही, ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावा असं सांगतात. बऱ्याच नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मात्र दहा टक्के म्हणजे दहाच टक्के, आणि न देणाऱ्याचं काय होतं तेही दर रविवारी ऐकायला मिळतं.

तर ही केस विक्रोळीच्या एका ताईंची. त्यांची परवानगी घेऊन लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. ताई एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, हातात ३८,००० पगार. नवऱ्याची कंपनी बंद पडली त्याला वर्ष उलटून गेलेलं, पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी कोण देतंय, म्हणून ते घरीच. एक मुलगा बारावीला, एक मुलगी आठवीत, सासूबाईंना शुगर आणि बीपी. त्या आल्या ते झोप येत नाही म्हणून. नाइट ड्युटीमुळे होत असेल असं त्यांचंच म्हणणं होतं, आणि मीही पहिल्या भेटीत त्याच अंगाने विचारत होते, चहा किती, ड्युटी कशी, मोबाईल किती वाजेपर्यंत.

दुसऱ्या भेटीला नवरा सोबत आला आणि विषय फुटला. त्यांना बायबलच्या चेनवाल्या कव्हरमध्ये गोल्ड लोनची पावती सापडली होती. ताईंच्या आईने लग्नात दिलेल्या पाटल्या ठेवून ४०,००० उचलले होते आणि त्यातले २०,००० फेलोशिपला दिले होते, घरात कोणाला न सांगता. भाऊ, म्हणजे ताईंचे मिस्टर, आरडाओरडा करणारे नाहीत, ते खाली बघून एवढंच म्हणाले, "मॅडम, मी स्टेशनपर्यंत चालत जातो, शेअर रिक्षाचे पैसे वाचवायला. आईची गोळी हिने एक दिवसाआड केलीय. आणि हिचा देवाचा हप्ता मात्र चुकत नाही." ताई एकदम उसळल्या, "चुकलाय ना, म्हणून तर हे सगळं होतंय!"

मग त्यांनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. किराणावाल्याकडे उधारीचं खातं असतं ना, तसं पान होतं. महिन्यांची नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर ३,८००, अकरा महिने, खाली बेरीज ४१,८००. त्याखाली लाल पेनाने अजून ८,३६०, आणि एकूण ५०,१६०. मी विचारलं हे ८,३६० काय, तर म्हणाल्या मागे राहिलेला दशमांश पाचवा हिस्सा वाढवून द्यायचा असतो, सेलग्रुपच्या, म्हणजे फेलोशिपच्या छोट्या प्रार्थना-गटाच्या लीडरबाईंनी सांगितलं, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायात आहे. आणि तिथे आहे खरं, कोणाला धान्याचा दशमांश स्वतःकडे ठेवून बदल्यात पैसे द्यायचे असतील तर पंचमांश वर घालावा असं. पण ते दशमांश सोडवून घेण्याबद्दल आहे हो, नोकरी गेलेल्या घराच्या थकबाकीवर वीस टक्के लावण्याबद्दल नाही. बरं, त्या लीडरबाईसुद्धा काही लबाड वगैरे नव्हत्या, नंतर कळलं की त्यांचीही अशीच डायरी होती. घाबरलेला माणूस दुसऱ्याला तीच भीती प्रेमाने वाटतो, हे मी या कामात खूपदा बघते.

डेंग्यूचं असं झालं की थकबाकी सुरू झाली त्याच पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरले, ॲडमिट करावं लागलं. स्वतः नर्स, डासाने डेंग्यू होतो हे पेशंटच्या नातेवाईकांना रोज समजावणारी बाई, पण स्वतःच्या पोराच्या वेळी मनात एकच, मी देवाला ठकवलं म्हणून झालं. हे शब्द बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले, दशमांशावरच्या बहुतेक उपदेशांना तोच अध्याय असतो. मी विचारलं, बिल्डिंगमध्ये अजून कोणाला झाला होता का. म्हणाल्या, चौघांना, खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांना तर दोनदा. मग स्वतःच गप्प झाल्या. मी पुढे काही बोलले नाही, कारण हे डोक्याला पटतं पण रात्री दोन वाजता डोकं कामाला नसतं.

मी त्यांना एकच विचारलं, पाकीट टाकल्यावर कसं वाटतं, आनंद होतो की सुटल्यासारखं वाटतं? लगेच उत्तर आलं, "सुटल्यासारखं." किती वेळ? "सोमवारपर्यंत."

माझं काम इथून सुरू होतं. भीती वाटते, पैसे दिले की उतरते, दोन दिवसांनी परत चढते आणि पुढच्या वेळी जास्त मागते, हे चक्र आहे आणि ते पैसे देऊन कधीच थांबत नाही. काहींच्या बाबतीत ते इतकं घट्ट होतं की तो ओसीडीचाच, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती परत परत करायला लावणाऱ्या आजाराचाच एक प्रकार असतो, पाप-पुण्याचा, प्रार्थना चुकली म्हणून परत परत म्हणणं, कबुली पुन्हा पुन्हा देणं, मनात वाईट विचार आला म्हणून तासन् तास स्वतःला तपासणं. अशा वेळी सायकियाट्रिस्टकडेच पाठवावं लागतं, औषधाने आणि थेरपीने फरक पडतो. ताईंना मी हे सगळं खोदून विचारलं, तसं नव्हतं. त्यांची भीती पैशापुरती होती आणि तिला एक पत्ता होता, ती डायरी.

आता खरं तर समुपदेशकाने बायबल उघडू नये, देवाने काय मागितलंय हे सांगणारी मी कोण. कोणालाही "देऊ नका" असं मी सांगत नाही, आणि आनंदाने दहा काय पंधरा टक्के देणारी माणसं मी जवळून पाहिलीत, त्यांच्या घरात त्यावरून एक शब्द होत नाही. शिवाय सगळ्यांनीच हात आखडला तर पाळकाचा, म्हणजे पास्टरचा पगार आणि चर्चचं लाइटबिल कुठून येणार, हेही आहेच. पण मी स्वतः मंडळीत वाढलेय, आणि ताईंचा सगळा मामला वचनांवर उभा होता, म्हणून त्यांना म्हटलं की मी काही सांगत नाही, तुम्हीच घरी दोघं मिळून वाचा, एक वचन तोडून नाही, मागचंपुढचं सगळं. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४वा अध्याय, नहेम्याच्या पुस्तकाचा १३वा आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा ७वा.

पुढच्या वेळी ताई आल्या त्या हसतच. "मॅडम, ह्यात तर दशमांश स्वतःच खायचाय! आणि द्राक्षारस पण लिहिलाय!" तसंच आहे ते. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश हा शेतातल्या उत्पन्नाचा, धान्य, द्राक्षारस, तेल, गुरं. लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश, त्यांना वाटणीत जमीन मिळाली नव्हती म्हणून तो त्यांचा वाटा, आणि त्या लेव्यांनीही आपल्याला मिळालेल्यातला दहावा भाग पुढे याजकाला द्यायचा. अनुवादात सांगितलंय की देवाने निवडलेल्या जागी जाऊन घरच्यांसोबत खा, आनंद करा, लांब असेल तर विकून पैसे घेऊन जा आणि तिथे मनाला येईल ते घ्या. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. नहेम्यात दिसतं की लेव्यांना त्यांचे वाटे मिळेनासे झाले आणि ते आपापल्या शेतांवर निघून गेले, मंदिराचं काम बंद. मलाखीतला "भांडारात आणा, माझ्या मंदिरात अन्न असू द्या" हा आवाज वाचताना हे माहीत असलं की तो वेगळा ऐकू येतो, ते लोकांच्या पोटाचं बोलणं आहे. बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, मंडळीसाठी दहा हा आकडा कुठे ठरवून दिलेला नाही, पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून नाही. चर्चने सक्ती केली ती बरीच नंतर, ५८५ साली फ्रान्समधल्या माकोनच्या धर्मसभेत दशमांश न देणाऱ्याला बहिष्कृत करण्यापर्यंत गोष्ट गेली.

भाऊंना मात्र मार्कचा सातवा अध्याय लागला होता. तिथे येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कडक नियम पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना सुनावतो की आईबापाला जे द्यायचं ते तुम्ही "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलंय असं म्हणता आणि आईबापाला वाऱ्यावर सोडता. मला वाटलं आता हे बायकोवर उलटवणार, बायबल हातात आलं की नवरे ते करतातच. पण ते म्हणाले, "ती आईची गोळी कापत होती ते मला दिसत होतं, मीपण बोललो नाही. कमवत नाही तर बोलायचं कुठल्या तोंडाने." मला विचाराल तर या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. पैसा घरातून लपून जात होता कारण घरात पैशाबद्दल बोलणंच बंद झालं होतं, एकाची लाज आणि एकीची भीती.

पुढे मी त्यांना त्यांच्या जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडे पाठवलं, ज्यांनी त्यांचं लग्न लावलं होतं, कारण शाप आहे की नाही याला माझ्या "नाही"ची किंमत शून्य होती आणि पाळकांच्या "नाही"ची होती. त्यांनी डायरी बघितली, ते पान फाडायला मात्र सांगितलं नाही, त्याखाली स्वतःच्या हाताने "जमा" लिहून सही केली. मला हे कधी सुचलं नसतं.

फेलोशिप ताईंनी सोडली नाही, मैत्रिणी तिथे आहेत, गाणी आवडतात. लीडरबाईंना काय सांगायचं याची आम्ही दोनदा प्रॅक्टिस केली, कारण त्यांना नाही म्हणताना हात थरथरायचे. शेवटी वाक्य ठरलं, "आम्ही दोघांनी बसून ठरवलंय, सध्या आमच्याकडून पाचशे." "दोघांनी" हा शब्द आला की समोरचा जास्त ओढत नाही. आधी थोडं तुटक वागणं झालं, मग विषय बंद. सासूबाईंची गोळी रोजची झाली. पाटल्या अजून सुटल्या नाहीत, व्याज चालूच आहे. झोप सुधारली पण महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आधीची रात्र अजून वाईट जाते, त्यावर काम चालू आहे.

ज्यांच्या घरी हेच चालू आहे त्यांना सांगते, हा विषय रविवारी सकाळी तयार होताना काढू नका, भांडणच होईल, पगार झाला की त्या आठवड्यात एकदा शांतपणे बसा. आधी भाडं, औषध, फी, कर्जाचा हप्ता कागदावर उतरवा आणि मग द्यायचं ते दोघांच्या तोंडून ठरू द्या, आकडा दहा टक्के निघाला तरी चालेल, एक निघाला तरी. पैसाच नसेल तर देण्याच्या दुसऱ्या रीती आहेत, मिझोराममध्ये १९१० पासून बाया रोज स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, त्याला बुहफाई थाम म्हणतात, आणि त्यावर तिथल्या चर्चची मोठी कामं उभी राहिलीत. कर्ज काढून, दागिना ठेवून देऊ नका, आणि तसं द्यायला कोणी सांगत असेल तर ती संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, पावती मिळते का, वर्षाचा ऑडिट झालेला हिशोब मंडळीसमोर ठेवतात का, हे बिनधास्त विचारा. जिथे हिशोब चोख असतो तिथे या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही.

आणि जोडीदार लपून देतोय असं कळलं तर पावती तोंडावर फेकण्याआधी एवढं विचारून बघा की नाही दिलं तर काय होईल असं तुला वाटतं. उत्तर ऐकायला जरा वेळ काढावा लागेल, ताईंना तर पाऊण तास लागला होता.