नागपुरात देवदार लावावा की पळस? दोघांत नेमका फरक काय?

अंगणात लावायचा असेल तर पळसच लावा. देवदार हिमालयातला, साधारण 1500 ते 3200 मीटर उंचीवरचा. आपलं नागपूर जेमतेम 300 मीटरवर आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे. इथे त्याचे हालच होतील.

खरा फरक बियांत आहे. देवदाराला फूल येतच नाही. त्याच्या शंकूच्या खवल्यांवर बी उघडंच असतं आणि पराग नेण्याचं काम वारा करतो. पळसाचं बी शेंगेत बंद. फाल्गुनात रामटेककडे जाताना पाहा, पानं झडलेली आणि झाड केशरी पेटलेलं. त्या फुलांतल्या मधासाठी मैना, शिंजीर येतात, परागीकरण तेच करतात. पुढे लागणारी चपटी शेंग हातात घ्या, मखमलीसारखी लव लागते, आणि टोकाशी एकच बी. मला हे झाड फार प्रिय आहे.

एक मात्र सांगतो, सुईसारखी पानं दिसली म्हणजे झाड सूचिपर्णी, म्हणजे देवदारासारखं शंकू धरणारं, असं नाही. सुरूचं झाड तसं दिसतं, पण ते सपुष्प, म्हणजे फुलं येणारं आहे.