कासवांची घरटी सापडली म्हणून लगेच अभयारण्य मागावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आढळू लागली आहेत, त्यांतील बरीच अंडी माणसे आणि कुत्री पळवतात, आणि म्हणून ग्रामपंचायतीने किनारा अभयारण्य म्हणून घोषित करण्याची मागणी करावी असे काही तरुणांना वाटते. माझ्या मते ही मागणी आज करू नये.

कारण मालवणात दिसते. तेथे १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले. त्या पाण्यावर पोट असलेल्या रापणकर (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे) आणि गिलनेटधारकांना (पाण्यात उभे जाळे लावणारे) आपली मासेमारी बंद होईल अशी भीती वाटली, ती दूर झाली नाही, आणि विरोध दशकानुदशके टिकला. विशेष म्हणजे याच पारंपरिक मच्छीमारांनी समुद्र ओरबाडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) वर्षानुवर्षे आवाज उठवला आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. संवर्धनाचे सर्वांत खंबीर पाठीराखे ठरू शकले असते अशा लोकांना अभयारण्याने समोरच्या बाजूला उभे केले.

याउलट मंडणगड तालुक्यातील वेळासचे काम आपल्या गावाला अधिक जवळचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे घरटी वाचवण्यास सुरुवात केली, पुढे वन विभाग व ग्रामस्थ त्यात उतरले आणि २००६ पासून पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक ग्रामस्थांच्याच घरी उतरत असल्याने जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे गावात राहिले. किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाला, मग तो पूर्वी अंडी गोळा करणारा का असेना, कासवमित्र म्हणून मानधनावर नेमणे हे कोणत्याही फलकापेक्षा परिणामकारक असते, कारण वाळूवरचा माग पाहून घरटे नेमके कोठे आहे हे त्याच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही.

मात्र उत्साहाच्या भरात स्वतःहून अंडी उकरू नका. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय अंड्यांना हात लावणे हा हेतू चांगला असला तरी गुन्हाच ठरतो. परवानगी मिळाल्यावर अंडी हलवायचीच असतील, तर ती घातल्यानंतर काही तासांच्या आत आणि न फिरवता, न हिंदकळता हलवावी लागतात. भ्रूण एकदा कवचाच्या आतील पडद्याला चिकटला की धक्क्याने तो मरतो. एका घरट्यात साधारण शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला सुमारे पन्नास दिवस लागतात. त्या काळात वाळूचे तापमान किती आहे यावर नर होणार की मादी हे ठरते, म्हणून हॅचरीवर, म्हणजे हलवलेली अंडी पुरून राखण्याच्या कुंपणातल्या जागेवर, मनाला येईल तशी सावली किंवा पत्रे घालू नयेत. पिल्ले बाहेर आली की ती लवकरात लवकर, शक्यतो रात्री वा पहाटे सोडावीत. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांची गाडी पोहोचेपर्यंत त्यांना टोपलीत थांबवून ठेवणे म्हणजे समुद्रात पोहण्यासाठी लागणारी त्यांची ताकद वाया घालवणे होय. महोत्सव भरवणाऱ्यांनी हे आधीच जाहीर सांगावे, पाहुणे रुसले तर रुसू द्यावेत.

किनाऱ्यावरची राखण मात्र पुरेशी नाही, कारण प्रौढ माद्या जाळ्यात अडकून बुडून मरतात. येथे नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागलेल्या मच्छीमाराला राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या योजनेतून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. आपल्या गावातील मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, आणि सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत काढण्याची, अर्ज भरण्याची जबाबदारी शिकलेल्या तरुणांनी उचलावी. हजारो रुपयांचे जाळे कापायला सांगणाऱ्याने निदान एवढे तरी करावे.

शेवटचा मुद्दा गावाला अप्रिय वाटू शकतो. धूप होते म्हणून दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा मागणारे आणि कासवे वाचवू म्हणणारे बहुधा तेच ग्रामस्थ असतात. बंधारा झाला की मादीला भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू गाठता येत नाही, आणि ती अंडी न घालताच परत फिरते किंवा उधाणात बुडेल अशा जागी घालते. जेथे घरे खरोखर धोक्यात आहेत तेथील गोष्ट वेगळी; अन्यत्र मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) आणि वाळूच्या टेकड्या शाबूत ठेवाव्यात व किनाऱ्याकडे रोखलेले दिवे हंगामात बंद ठेवावेत. कोकणात घरटी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतात, तेव्हा बंधारा आणि दिवे यांविषयीचा ठराव दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेतच झालेला बरा.