'पुट बॅक' म्हणजे अलीकडे की पलीकडे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत नर्सेसना लागतात तेवढे गुण मिळाले, मँचेस्टरला यायचं जवळजवळ ठरलं, पण इथल्या लोकांचं बोलणं ऐकताना 'पुट ऑफ', 'लुक्ड आफ्टर', 'रिटन अप' असले जोडशब्द कर्मणी प्रयोगात आले की वाक्य हातातून निसटतं. ते शिकायचं कसं? तू मिरजेत शिकलीस, मीही तिथलीच, म्हणून 'तू' म्हणते आणि सविस्तर लिहिते.

आधी माझ्या हातून घडलेलं सांगते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक आजोबा होते. त्यांचं ऑपरेशन बाराला. ऑपरेशन थिएटरमधून (इथे नुसतं 'थिएटर' म्हणतात) फोन आला, 'हीज बीन पुट बॅक ॲन अवर.' बॅक म्हणजे मागे, म्हणजे अकरा, असं मी धरलं. घाईघाईने गाऊन घातला, कवळी काढली, श्रवणयंत्र काढून ठेवलं. न्यायला कोणीच येईना. ऑपरेशन एकला होतं. पातळ गाऊनमध्ये, काही ऐकू न येता, उपाशीपोटी ते आजोबा दोन तास बसून राहिले. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला ते अजून आठवतं.

आपण 'पुढे ढकललं' म्हणतो तेव्हा वेळ उशिराची होते. इथे उशीर झाला की 'पुट बॅक', आणि वेळ अलीकडे आणली की 'ब्रॉट फॉरवर्ड'. म्हणजे आपल्या पुढे-मागेच्या बरोबर उलट. 'प्रीपोन' हा आपला शब्द इथे वापरू नकोस, कोणाला कळत नाही. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला घड्याळं 'पुट बॅक' होतात, तेव्हा काटा खरोखरच मागे जातो, दोनचा एक वाजतो आणि रात्रपाळी एका तासाने वाढते. भेटीची वेळ 'पुट बॅक' झाली तर उशिरा, घड्याळ 'पुट बॅक' झालं तर अलीकडे. शंका आली की सरळ विचार, 'सो व्हॉट टाइम इज इट नाऊ?' या प्रश्नाला कोणी हसत नाही.

आता आपल्याला हे जड का जातं ते बघ. मराठीत 'वर', 'खाली', 'कडून' ही शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात: टेबलावर, खाटेखाली, डॉक्टरांकडून. त्यामुळे इंग्रजीतलं 'आफ्टर' किंवा 'ऑफ'सुद्धा पुढच्या नामाचं आहे असं आपलं मन धरून चालतं. 'आय लुक आफ्टर माय मदर' म्हणताना काही अडत नाही, कारण 'आफ्टर'च्या पुढे 'मदर' आहे. पण कर्मणी प्रयोगात 'मदर' उठून वाक्याच्या सुरुवातीला जाते आणि 'आफ्टर' मागे एकटं राहतं. मग आपण ते गाळतो आणि 'शी इज लुक्ड बाय हर डॉटर' म्हणून बसतो. बरोबर वाक्य आहे 'शीज लुक्ड आफ्टर बाय हर डॉटर'. 'आफ्टर बाय' असे दोन छोटे शब्द लागोपाठ आले की आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. चुकलेलं नसतं. 'आफ्टर' क्रियापदाचं आहे, 'बाय' मुलीचं. एवढं एक पक्कं झालं की निम्मी भीती जाते.

आणि हे तुझ्या कानांना ओळखीचं आहेच. 2019 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी इथेच, ओल्ड ट्रॅफर्डवर झाली. पावसाने सामना राखीव दिवसावर गेला, म्हणजे 'द मॅच वॉज हेल्ड ओव्हर', आणि दुसऱ्या दिवशी 'धोनी वॉज रन आउट बाय गप्टिल'. 'आउट बाय' म्हणताना आपण कधी अडखळलो नाही. पावसाने सामना झालाच नाही तर इथे 'रेन्ड ऑफ' म्हणतात, आणि हा शब्द जवळजवळ नेहमी कर्मणीतच येतो. क्रिकेटबाहेर मात्र 'रन आउट' कर्मणीत नेऊ नकोस. दूध संपलं तर 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'.

ऐकताना जोर कुठे पडतो ते पकड. 'वॉज', 'बीन' हे शब्द गिळले जातात आणि शेवटचा छोटा शब्द ठसठशीत येतो: कॉल्ड ऑफ, सेंट ऑफ, टेकन आउट. म्हणून वाक्याच्या शेपटाकडे कान ठेव. नाम झालं की जोर उलटतो. रात्रीच्या नर्सने दिवसाच्या नर्सला रुग्ण सोपवणं म्हणजे 'हँडओव्हर', जोर 'हँड'वर. पण 'द पेशंट वॉज हँडेड ओव्हर' म्हणताना जोर 'ओव्हर'वर.

'बीन' आणि 'बीइंग' यांत गफलत करू नकोस. 'हीज बीइंग टेकन डाउन टु थिएटर' म्हणजे नेत आहेत, अजून खाटेजवळ सापडतील. 'हीज बीन टेकन डाउन' म्हणजे नेलं. फोनवर नातेवाइकांना सांगताना हा एक स्वर महत्त्वाचा ठरतो.

वॉर्डात रोज येणारे काही सांगते. औषध चार्टवर लिहिलं गेलं की 'इट्स बीन रिटन अप'. हेच शब्द अमेरिकेत एखाद्या नर्सबद्दल आले, 'शी गॉट रिटन अप', तर तिच्या नावे लेखी ताशेरा गेला असा अर्थ होतो. तिकडचे व्हिडिओ बघत असशील तर हे लक्षात ठेव. रक्ताचे नमुने 'सेंट ऑफ' होतात. तुझं नाव पाळीत टाकलं की 'यूव्ह बीन पुट डाउन फॉर नाइट्स'. पण कुत्रा 'पुट डाउन' झाला असं कोणी सांगितलं तर त्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत केलं, तेव्हा 'ओह, आय ॲम सो सॉरी' म्हणायचं. डॉक्टरांनी आजारपणाची रजा दिली की 'शीज बीन साइन्ड ऑफ फॉर टू वीक्स', आणि अर्जावर वरिष्ठांची अंतिम मंजुरी झाली की अर्जही 'साइन्ड ऑफ'च होतो. माणूस की कागद, एवढं बघ, अर्थ आपोआप लागतो. 'स्ट्रक ऑफ' मात्र गंभीर शब्द आहे: नर्सचं नाव नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या नोंदवहीतून काढलं गेलं.

तक्रारीचं उत्तर 'इट्स बीइंग लुक्ड इन्टू' असं आलं तर चौकशी चालू आहे. कोण करतंय ते वाक्यात नसतं, आणि मला हे या भाषेतलं सर्वांत त्रासाचं वळण वाटतं. मराठीतही आपण 'फाइल अडकली' म्हणतो, पण समोरच्याला 'कोणी अडकवली?' विचारतोही. तूही विचार: 'हूज लुकिंग इन्टू इट?' घराच्या अर्जाला 'टर्न्ड डाउन', म्हणजे नाकारला, असं ऐकशील, तेव्हाही कारण विचार. बॉयलर बंद पडला तर 'कॅन वी गेट इट लुक्ड ॲट टुडे?' हे वाक्य तोंडपाठ करूनच ये, जानेवारीत उपयोगी पडेल.

बोलताना 'वॉज'ऐवजी 'गॉट' फार येतं: 'आय गॉट टोल्ड ऑफ' म्हणजे मला बोलणी बसली, 'आय गॉट हेल्ड अप' म्हणजे वाटेत अडकले. गप्पांत वापर, नोंदींत 'वॉज'च लिही.

सरावासाठी याद्या पाठ करू नकोस. मी केल्या, उपयोग झाला नाही. रोज ड्यूटीवरून घरी गेलीस की दिवसातले तीन प्रसंग मराठीत आठव: ऑपरेशन पुढे ढकललं, सलाइन काढलं, आजींना दुसऱ्या वॉर्डात हलवलं. मग तेच मोठ्याने इंग्रजीत म्हण: 'द ऑपरेशन वॉज पुट बॅक', 'द ड्रिप वॉज टेकन डाउन', 'शी वॉज मूव्ह्ड'. तिसऱ्याला छोटा शब्द लागलाच नाही, हेही लक्षात येईल. आजपासून सुरू केलंस तर विमानात बसेपर्यंत शंभरएक वाक्यं जिभेवर असतील. अडलं तर ते वाक्य जसं ऐकलंस तसं लिहून पाठव, कोण कोणाला आणि कुठे म्हणालं तेही लिही.